अप्पांचा ओटा आणि चर्चचा बाक

लातुरातली कुठलीही लाकडी वस्तू आमच्या घरमालकांना पाहून मनातून थरथरत असणार, अशी माझी खात्री आहे. अप्पांचं कापडाचं दुकान होतं आणि वरच्या खोलीत मी कॉलेजची सगळी वर्षं भाड्यानं राहिलो. धंदा कापडाचा, पण जीव करवतीत. बाई लुगडी बघत असल्या, की अप्पांचं लक्ष त्या बसलेल्या स्टुलाच्या पायांकडे. "जरा उठताव का? डुगडुगायलंय." मग ते स्टूल दुकानाच्या ओट्यावर जायचं. एक पाय थोडा कापला की दुसरा उंच व्हायचा, तो कापला की तिसरा. संध्याकाळपर्यंत स्टुलाचा पाट झालेला असायचा. काकूंच्या देवघरातला चौरंग मूळचा जेवायचं टेबल होता. माझ्या अभ्यासाच्या टेबलाचंही तेच झालं. पण खाली मांडी घालून वाचलं आणि आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर झालो, तेव्हा त्या करवतीबद्दल मी वाईट ऐकून घेणार नाही.

बाकीचे लोक एवढे कृतज्ञ नव्हते. अप्पा फिरायला निघाले की शेजारी अंगणातली खाट आत घ्यायचे.

आमच्या गल्लीतल्या जुन्या चर्चच्या आवारात छोटं वस्तुसंग्रहालय उघडणार होतं. तिथं लोकांना टेकायला म्हणून अडगळीतला सागवानी बाक दुरुस्त करायचा होता. पास्टर साहेब नुकतेच नांदेडहून बदलून आलेले, त्यामुळे त्यांना काहीच ठाऊक नव्हतं. ते दुकानात येऊन म्हणाले, "अप्पा, तुम्हाला लाकडाची आवड आहे म्हणे. बघाल का?" अप्पांना कुणी आपणहून काम देण्याची ही पहिलीच वेळ. त्यांनी करवतीला विभूती लावली, जुना रंग खरवडला, भेगा बुजवल्या, पॉलिश केलं आणि पाय अगदी नखभर नखभर कापले. ओट्यावर तो बाक मारुतीच्या देवळासारखा घट्ट उभा राहिला. अप्पा बसले, काकू बसल्या, समोरचा हलवाई दोनदा बसला. काही हललं नाही.

रविवारी बाक चर्चच्या आवारात ठेवला. मिशन दवाखान्यातल्या एक रिटायर नर्सबाई चहाचा कप घेऊन मानानं बसल्या, बाक कलला आणि चहा पास्टर साहेबांच्या पांढऱ्या झग्यावर गेला. "असू द्या, असू द्या," ते म्हणाले. पण अप्पा घरी येऊन जेवले नाहीत. "एकानं भरोसा ठेवला होता," मला म्हणाले, "आता कोण देतंय?"

काकू भाकरी थापता थापता म्हणाल्या, "बाकाला काय झालंय? आपला ओटाच वाकडा हाय. पावसाचं पाणी जावं म्हणून मामंजींनी उतार दिलेला."

"मग इतकी वर्षं बोललीस का न्हाईस?"

"तुमी इचारलाव कवा?"

आता दुसरा कुणी बाकाच्या पायाखाली पाचर घालून मोकळा झाला असता. अप्पांनी पहार आणली. ओट्याच्या शहाबादी फरश्या उखडल्या, खडूनं खुणा केल्या, रिक्षात घातल्या आणि चर्चच्या आवारात तशाच उतारानं बसवल्या. वर बाक ठेवला. नर्सबाई पुन्हा बसल्या, या वेळी चहा न घेता. बाक हलला नाही. दुकानात शिरताना मात्र ओट्याच्या जागी पडलेल्या खड्ड्यात गिऱ्हाइकं धडपडू लागली. "दुकान मोडून बाक बसवला ह्यांनी," असं काकू सांगत, पण सांगताना हसत.

मी आता नांदेडला नोकरी करतो. अप्पांच्या मुलांनी ते दुकान पाडून तिथं कॉम्प्लेक्स बांधलंय, आत आरशासारख्या टाइल्स. जुन्या दुकानातलं उरलंय ते चर्चच्या बाकाखाली. अप्पा रोज संध्याकाळी तिथं जातात आणि फरशीवर पाय ठेवण्याआधी चपला काढतात.

परवा मी त्यांच्याशेजारी बसलो होतो. संग्रहालय बघून एक बाई आल्या. अप्पा सरकले. "या, बसा. काय दाखवू?"

बाई गोंधळल्या. "काही नको. जरा टेकते."

अप्पा खाली फरशीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "टेका की. हलत न्हाई."