गुणाचा बैल

आमच्या मराठीच्या सरांचे दोन गुण पारनेरच्या बाजारापर्यंत ठाऊक होते. करुण पाठ वाचताना ते खरोखर रडायचे आणि उत्तर चुकलं की निर्गुडीच्या ओल्या फोकाने मारायचे. कधी कधी दोन्ही एकाच तासात व्हायचं. मार खाणाऱ्याला कळायचं नाही, की सरांचे डोळे पाठामुळे ओले आहेत की आपल्यामुळे.

प्रत्येक पाठाला त्यांचे तेच तीन प्रश्न असत. पाठाचा विषय कोणता, सूर कोणता, आणि तो कुणाच्या नजरेतून सांगितला आहे. उत्तरं तेच सांगायचे, आम्ही उभं राहून ती परत म्हणायची. मला हे तीन प्रश्न फार आवडायचे. विहिरीवर दोन बायका भांडत असल्या तरी मी मनात म्हणायची, सूर कोणता, नजर कुणाची.

मोठ्या दुष्काळाच्या आदल्या हिवाळ्यात मी अकरावीला, म्हणजे मॅट्रिकला होते. माझ्या वडिलांनी, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, शाळा एका अटीवर चालू ठेवली होती. शाळेतून एक जरी तक्रार आली तर येत्या वैशाखात उजवून टाकणार. ही नुसती धमकी नव्हती. शेजारच्या गावचं स्थळ येऊन मला बघूनही गेलं होतं. मला मॅट्रिक व्हायचं होतं. दुसरं काहीच नको होतं.

त्याच दिवसांत आमच्या गोठ्यातला खोंड बडवायचा ठरला. खोंड वयात आला की त्याचं अंड ठेचून त्याला बैल करायचं, त्याशिवाय तो औताला वळत नाही. काम हिवाळ्यात करतात, कारण जखमेवर माश्या बसत नाहीत. बायकापोरींनी ते बघायचं नसतं, म्हणून आम्हाला घरात बसवलं. मी शेंगा वाळत घालायच्या निमित्ताने माळवदावर चढले. तो खोंड लहानपणापासून माझ्या हातची भाकरी खायचा. त्याचं काय करतात ते मला बघायचंच होतं.

बाप्यांनी त्याला दोरांनी पाडला, पाय आवळले, एकजण मानेवर बसला. ते काम जाणणाऱ्या म्हाताऱ्याने दोन काठ्यांच्या चिमट्यात धरलं आणि वरून लाकडी मोगरीने ठेचायला सुरुवात केली. ओल्या कपड्यावर धोपटणं बसावं तसा आवाज होता. खोंड पहिल्यांदा ओरडला, मग ओरडायलाही त्याच्यात दम उरला नाही. डोळे पांढरे झाले, जीभ मातीत लोळायला लागली. आबांनी त्याचं डोकं मांडीवर घेतलं होतं आणि ते त्याच्या कानात म्हणत होते, "झालं रं, झालं माज्या राजा. तुज्या भल्यासाठीच हाय." त्यांचा आवाज खरा होता. नंतर त्यांनीच जखमेला हळद-तेल लावलं.

आणि नशीब बघा, महिन्याभराने खोंड मुकाट औताला वळला, त्याच आठवड्यात वर्गात पाठ निघाला शेतकऱ्याचा आणि त्याच्या बैलाचा. शेतकरी स्वतःच सांगतो, की माझा बैल किती गरीब, कधी शिंग उगारलं नाही, एवढा माझ्यावर जीव. सर रडले. मग त्यांनी मला उभं केलं. मी विषय सांगितला, मुक्या जिवाची माया. सूर मायेचा. नजर मालकाची. सर खूश झाले. तेव्हाच खाली बसायला हवं होतं असं सगळे म्हणतात. मला अजून तसं वाटत नाही.

मी म्हणाले, "सर, तो शिंग उगारत नाही, कारण त्याला बडवलेला असतो. ते या पाठात का नाही?"

मुलं फिदीफिदी हसायला लागली. पोरीच्या तोंडून असला शब्द त्यांनी कधी ऐकला नव्हता. सरांचा चेहरा लालबुंद झाला. हे कुणी शिकवलं म्हणून त्यांनी विचारलं. मी बघितलं, असं मी सांगितलं, तर प्रकरण आणखीच चिघळलं. फोक आधी तळव्यांवर बसला, मग हात उलटे करायला लावून बोटांच्या पेरांवर, कातडी फुटेपर्यंत. उत्तर चुकलं असं मात्र सर एकदाही म्हणाले नाहीत.

मी घरी पोचायच्या आत शाळेचा शिपाई निरोप देऊन गेला होता. आबा गोठ्याच्या दारात दुहेरी केलेला कासरा घेऊन उभे होते. बैलाला बांधायचा तोच दोर. "बगितलंस तू? पोरीच्या जातीनं बगितलंस?" एवढंच ते पुन्हा पुन्हा म्हणत होते आणि प्रत्येक वेळी कासरा पाठीवर उतरत होता. आई मध्ये पडली, तर तिलाही बसले. शेवटी पोलकं पाठीला चिकटलं तेव्हा ते थांबले.

दिवेलागणीला हळद-तेलाची वाटी घेऊन तेच माझ्याजवळ आले. हलक्या हाताने वळांवर बोटं फिरवायला लागले. "झालं गं, झालं माजे बाये. तुज्या भल्यासाठीच हाय."

मी भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "आबा, खोंडालाबी तुमी असंच म्हनत हुता."

हात थांबला. मला वाटलं, आता पुन्हा मारणार, नाहीतर लाजणार. त्यांनी नीट विचार केला आणि शांतपणे म्हणाले, "मंग? गुनाचा निगालाच की त्यो."

हात पुन्हा फिरायला लागला. मार खाताना मला राग आला होता, भीती वाटली नव्हती. ती आता वाटली.

दुसऱ्या दिवशी आबा मला घेऊन शाळेत गेले. सरांचं आणि त्यांचं माझ्यादेखत बोलणं झालं. पोरगी हुशार आहे, फक्त वळण लावायला हवं, यावर दोघांचं लगेच जमलं. ठरलं असं, की मी सगळ्या वर्गासमोर पाठाचं उत्तर सांगितल्याप्रमाणे म्हणायचं, वर एक शब्द बोलायचा नाही. म्हटलं तर शाळा, नाहीतर वैशाख.

मी उभी राहिले. मला मॅट्रिक व्हायचं होतं.

विषय कोणता? मुक्या जिवाची माया. सूर? मायेचा. नजर कुणाची?

"मालकाची," मी म्हणाले.

एक अक्षरही खोटं नव्हतं. दारात उभ्या असलेल्या आबांनी उपरण्याने डोळे पुसले. सरांचेही डोळे भरून आले होते. पाठ बाकाला टेकवता येत नव्हती, म्हणून मी तासभर मान खाली घालून ताठ बसून राहिले. माझ्याकडे बोट दाखवून सर मुलांना म्हणाले, "बघा, शिका काहीतरी. किती गुणाची मुलगी आहे."