दोघांनी ठोकायचा खिळा

डेट्रॉइटच्या एका संग्रहालयात, आफ्रिकेच्या दालनात, काचेच्या पेटीत एक लाकडी माणूस उभा आहे. उंची शाळकरी मुलाएवढी. उजवा हात उगारलेला, तोंड अर्धवट उघडं. छातीपासून मांड्यांपर्यंत अंगात खिळे, पाती आणि लोखंडाचे वाकडे तुकडे ठोकलेले. पोटावर एक आरसा. शनिवारी सकाळी त्याच्या शेजारी राजाराम खोब्रागडे उभे असतात. ते तिथे विनामोबदला माहिती सांगतात. गळ्यात ओळखपत्र, अंगात राखाडी स्वेटर, आणि चेहऱ्यावर पेटीतल्या माणसापेक्षा कमी हावभाव.

ऑक्टोबरात जवळच्या ट्रॉय शहरातल्या मराठी मंडळाने ज्येष्ठांची सहल इथे आणली. सगळे पेटीभोवती जमले. सुलेखाताई मात्र दोन पावलं मागेच थांबल्या.

"राजारामभाऊ, कोणावर करणी केलीय ही?"

"जो शब्द मोडेल त्याच्यावर."

"म्हणजे करणीच ना!"

"नाही. कोर्ट आहे."

"कोर्टाच्या अंगात खिळे?"

"आपल्या कोर्टात तारखा असतात."

सुलेखाताईंना ते पटलं नाही. राजारामांनी विचारलं, "तुमच्या नव्या घराच्या गॅरेजवर काळी बाहुली टांगलीय, ती कोणाला मारायला आहे का?"

"छे! ती दृष्ट लागू नये म्हणून."

"हा शब्द मोडू नये म्हणून."

सुलेखाताईंचे यजमान त्र्यंबकराव इतका वेळ आरशात स्वतःची टोपी नीट करत होते. ते म्हणाले, "गावाकडे बेलभंडारा उचलायला लावायचे, तसं का?"

"तसंच. फक्त बेलाचं पान वाळून जातं. खिळा दिसत राहतो."

ही मूर्ती काँगो नदीच्या मुखाकडच्या काँगो लोकांची. तिला ते न्किसी म्हणतात. सुतार नुसतं लाकूड कोरून देई, त्याला काही किंमत नसे. मग न्गांगा, म्हणजे गावाचा जाणता, तिच्या पोटात माती, मुळ्या आणि बिया भरून वर आरसा बसवी. त्या आरशातून पलीकडचं दिसतं अशी समजूत. मग मूर्ती कामाला लागे. शेताच्या बांधावरून तंटा झाला, दोन गावांत समेट झाला, चोर सापडेना, की लोक तिच्यापुढे येत. बोलायचं ते उघड बोलत. खिळ्याला जीभ लावत, म्हणजे कोणाचा शब्द ते मूर्तीला ओळखू यावं. मग खिळा ठोकला जाई. शब्द पाळून काम संपलं तर काही खिळे काढलेही जात. गावातून जाता-येता प्रत्येकाला दिसे की आपल्यावर काय काय बांधलेलं आहे. पुढे युरोपी अधिकाऱ्यांनी आणि मिशनऱ्यांनी अशा मूर्ती उचलून नेल्या किंवा जाळल्या. ज्या उचलल्या त्यांतल्या काही अशा पेट्यांत आहेत.

राजारामांना हे सांगायला आवडतं. विश्वास ठेवायला नाही. ते नागपूरच्या बौद्ध घरातले. आईवडिलांनी दीक्षा घेतली तेव्हा ते कडेवर होते. घरात बुद्धाची मूर्ती आणि बाबासाहेबांचा फोटो आहे, पण नवस, अंगारा, लिंबू-मिरची यांना दारातही जागा नाही. बावीस प्रतिज्ञा त्यांनी मोठेपणी पुन्हा वाचून, समजून घेतल्या आणि पाळल्या. त्यांच्या पत्नी सुजाता हे मान्य करतात. त्यांची तक्रार तेविसावीबद्दल होती.

ती गाडी न चालवण्याची होती.

राजारामांनी नोकरीची सगळी वर्षं मोटारींचे बाजूचे आरसे केले. मिशिगनच्या एका पुरवठादार कंपनीत काच, वक्रता, थरथर आणि बर्फ हे त्यांचे विषय. अमेरिकेत उजव्या आरशावर सूचना असते की वस्तू दिसतात त्याहून जवळ आहेत. ती अक्षरं पुसली जाऊ नयेत यावर त्यांनी दीड वर्ष काम केलं. निवृत्तीनंतर संग्रहालयाने कोणतं दालन घेता असं विचारलं तेव्हा बाकीच्यांनी फ्रेंच चित्रं मागितली. राजाराम पोटातल्या आरशापुढे बराच वेळ उभे राहिले. "मी मागचं दाखवणारे आरसे केले. याचा आरसा पुढचं दाखवतो म्हणे. निदान स्पेसिफिकेशन बघतो," असं म्हणून त्यांनी आफ्रिका घेतली.

दोन वर्षांपूर्वी त्यांना काचबिंदू निघाला. समोरचं स्वच्छ दिसतं, कडेचं गळत जातं. ज्या माणसाने जन्मभर लोकांना कडेचं दाखवलं, त्याला हे डॉक्टरांनी नळीचं चित्र काढून समजावलं. राजाराम म्हणाले, "चित्र चुकलंय. नळी असती तर भिंत दिसली असती." डॉक्टरांनी आधी रात्रीचं ड्रायव्हिंग बंद सांगितलं, मग हायवे, मग सगळंच.

त्यांच्या घरापासून संग्रहालय वीसेक मैलांवर आहे. ट्रॉयमध्ये गाडी नसलेला माणूस दुधालाही जाऊ शकत नाही. गाडी सोडली तर शनिवार गेला, आणि शनिवार गेला तर निवृत्त माणसाचा आठवडा नुसता सोमवारांचा. न सोडावी तर कोणीतरी मरेल. आधी शेजाऱ्यांचा रस्त्याकडेचा मेलबॉक्स गाडीखाली गेला. मग ऑक्टोबरअखेर, गल्लीच्या वळणावर, सात वर्षांची रुही सायकलवर उजवीकडून आली. ती ओरडली म्हणून गाडी थांबली. राजारामांनी घरी सांगितलं नाही. रुहीच्या आईने सांगितलं.

सुजातांनी शब्द घ्यायला सुरुवात आधीच केली होती. त्यात अडचण अशी की नवरा देव मानत नाही, त्यामुळे शपथ कशाची घालायची हा प्रश्न. पहिला शब्द साधा होता: अंधारात चालवणार नाही. गेल्या डिसेंबरात ते संध्याकाळी भाजी घेऊन आले आणि म्हणाले, रस्त्यावरचे दिवे लागले नव्हते. दुसरा: हायवे घेणार नाही. ते हायवेला लागून जाणाऱ्या सर्व्हिस ड्राइव्हने गेले. तिसऱ्या खेपेला सुजातांनी मुलीची शपथ घातली. मुलगी अपर्णा न्यू जर्सीत एडिसनला असते. ती स्पीकरवर होती.

"आई, प्लीज लीव्ह मी आउट ऑफ धिस. बाबा, जस्ट कॉल अ राइड!"

"आयुष्यभर गाड्या बनवल्या. आता दुसऱ्याच्या गाडीत मागे बसून रेडिओ ऐकू?"

"येस. लाइक एव्हरीवन एल्स."

रुहीच्या प्रकारानंतर राजाराम स्वतःहून म्हणाले, "माझा शब्द आहे. बंद." सुजातांनी विश्वास ठेवला. पुढच्या शनिवारी त्या मैत्रिणीकडून लवकर परतल्या. नवरा सोफ्यावर पुस्तक वाचत होता. त्यांनी गॅरेजमध्ये जाऊन बॉनेटवर हात ठेवला. गरम होतं.

त्या ओरडल्या नाहीत. त्या निवृत्त पॅथॉलॉजी टेक्निशियन, नमुना हाती आल्यावर ओरडायची त्यांना सवय नाही. एवढंच म्हणाल्या, "पुढच्या शनिवारी मीही येते. काय सांगता लोकांना, ते ऐकते."

त्या शनिवारी दोघांना सुलेखाताईंनी डेट्रॉइटला सोडलं. गटात आठ-दहा लोक होते. त्यांत लुझोलो मातोंडो नावाच्या बाई होत्या, किन्शासात जन्मलेल्या, आता साउथफील्डला इमिग्रेशनच्या वकील. राजाराम नेहमीप्रमाणे इंग्रजीत बोलत होते. ज्याने शब्द मोडला त्याच्या मागे मूर्ती लागते, तो आजारी पडतो, वगैरे. सुजाता नवऱ्याकडे टक लावून बघत होत्या. राजारामांनी त्या दिवशी हा भाग थोडक्यात आटपला.

काही प्रश्न? मातोंडोबाईंनी हात वर केला.

"माझे आजोबा मिशनच्या शाळेत मास्तर होते. त्यांनी अशी एक मूर्ती स्वतः जाळली. आजी मरेपर्यंत त्यांच्याशी भांडली."

"श्रद्धा होती म्हणून?" राजारामांनी विचारलं.

"नाही, ती चर्चला जायची. तिच्या भावाचा शेतीचा तंटा त्या मूर्तीत ठोकलेला होता. मूर्ती जळली आणि तंटा पुन्हा सुरू झाला."

लोक हसले. बाई हसल्या नाहीत.

"मी असली मूर्ती घरात ठेवणार नाही. माझ्या पास्टरांना चक्कर येईल. पण तुम्ही अर्धंच सांगता. मोडणाऱ्याचं सांगता. दुसरा माणूस कुठे गेला? समेटाच्या खिळ्याला दोघांनी जीभ लावायची. एकट्याने ठोकला तर ती फिर्याद. करार नाही. असे कागद आले तर मी परत पाठवते."

राजाराम मूर्तीकडे बघत म्हणाले, "बरोबर आहे. यापुढे सांगीन."

घरी ते अपर्णाने बोलावून दिलेल्या भाड्याच्या गाडीतून गेले. मागच्या सीटवर. ड्रायव्हरचा रेडिओ चालू होता. घरी आल्यावर राजाराम सरळ गॅरेजमध्ये गेले आणि खिळ्यांचा डबा काढला.

"काय करताय?" सुजाता दारात होत्या.

"दोन वर्षं शब्द मीच देतोय. तू नुसती घेतेस. तुझं काय?"

"माझं काय म्हणजे? मी कोणाला उडवलं?"

"तू हायवेवर चालवत नाहीस."

हे खरं होतं. सुजातांना लायसन्स आहे, गाडी चांगली चालवतात, पण पंचाहत्तर नंबरच्या हायवेवर त्या कधी गेल्या नव्हत्या. अमेरिकेत आल्या त्या पहिल्या हिवाळ्यात एक ट्रक शेजारून गेला आणि काच चिखलाने भरली. तेव्हापासून लॅब, वाणसामान, अपर्णाची शाळा, सगळं आतल्या रस्त्यांनी. हायवे नवऱ्याचा. गाडी सोडायला सांगताना तो आता कोणाचा, हे त्यांनी कधी मनात आणलं नव्हतं.

"जॉन आर रोडने नेईन की तुम्हाला. सरळ जातो डेट्रॉइटला."

"सगळे सिग्नल घेत. दहाच्या टूरला आठला निघायचं."

"मग निघू आठला."

"आणि बर्फात? आणि तुझे गुडघे दुखतात तेव्हा? चार आठवडे करशील, मग म्हणशील आज राहू द्या. मग मी किल्ली घेणार. मला मी माहीत आहे."

सुजातांनी हातोडी काढून त्यांच्यापुढे धरली. मग म्हणाल्या, "ठीक आहे. तुम्ही चालवायचं नाही, गल्लीतसुद्धा. मी हायवे घेणार. ठोका."

राजारामांनी मोठा खिळा काढून पुढे धरला. "जीभ."

"वेड लागलंय? गंजलाय तो! सगळा जन्म लॅबमध्ये काढला, खिळे चाटू? शेवटचं धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलंत?"

"पद्धत आहे."

"त्यांची आहे. आपली पद्धत हात धुवायची."

डब्यातून नवा खिळा निघाला. सुजातांनी तो सॅनिटायझरने पुसला. जिभेच्या ऐवजी दोघांनी अंगठा लावला. गॅरेजच्या भिंतीवर एक फटका राजारामांनी मारला, एक सुजातांनी. दुसरा तिरका बसला आणि खिळा वाकला. तो तसाच ठेवला. त्यावर गाडीची किल्ली अडकवली.

"याच्यापुढे उदबत्ती नाही हं लावायची," सुजाता म्हणाल्या.

"तो खिळा आहे."

"तेच म्हणते."

पुढच्या शनिवारी सकाळी भुरभुर बर्फ होता. सुलेखाताईंचा मेसेज आला की अशात कुठे जाऊ नका. राजाराम तयार होऊन स्वयंपाकघरात बसले होते. सुजातांनी चहा संपवला, खिडकीतून बघितलं, चहा पुन्हा टाकला, तोही संपवला आणि गॅरेजमध्ये जाऊन किल्ली काढली.

हायवेला लागायच्या जोडरस्त्यावर त्यांनी स्टिअरिंग दोन्ही हातांनी आवळलं. डावीकडून ट्रकांची रांग येत होती. मागच्याने हॉर्न दिला. आरशात त्यांना नुसतं पांढरं दिसत होतं.

"अहो, डावीकडे बघा! जागा आहे का?"

राजारामांनी पुढे वाकून मान वळवली. अशा वेळी "क्लिअर" म्हणायची त्यांची जुनी सवय. सुजाता गाडी शिकत होत्या तेव्हा शेजारी बसून ते हेच म्हणत. शब्द ओठांवर आला होता.

"मला दिसत नाही," ते म्हणाले.

हे ते डॉक्टरांपुढे बोलले नव्हते, मेलबॉक्सच्या वेळी नाही, रुहीच्या आईपुढे नाही. सुजातांनी वळूनही बघितलं नाही.

"बरं. मग मान मागे घ्या, मला मधला आरसा दिसत नाहीये."

राजाराम सीटला टेकले. सुजातांनी आरसा बघितला, मग खांद्यावरून मागे बघितलं, एक ट्रक जाऊ दिला, आणखी एक जाऊ दिला, आणि गाडी घातली. सगळा रस्ता त्या उजव्या लेनमध्ये पंचेचाळीसने गेल्या. लोक हॉर्न वाजवत पुढे गेले. संग्रहालयाच्या पार्किंगमध्ये इंजिन बंद केल्यावर त्यांनी हात स्टिअरिंगवरून एक एक बोट करून सोडवले.

"माझं झालं. आता खिळा काढा," त्या म्हणाल्या.

"दोघांचा एकच आहे. माझं झाल्याशिवाय निघत नाही."

"आणि तुमचं कधी होणार?"

राजारामांनी ओळखपत्र गळ्यात घातलं आणि दार उघडायच्या आधी बाहेर कोणी येतंय का, हे सुजातांना विचारलं.