पाणी गोठ्यात शिरलं तेव्हा

आमचा तालुका जिल्ह्याच्या पूर्वेचा, कोरडा. लग्न होऊन शेतातल्या या वस्तीवर आले तेव्हापासून आपत्ती म्हणजे टँकर आणि जनावरांची छावणी, एवढंच मला माहीत होतं. घरामागचा ओढा वर्षातून थोडे दिवस वाहायचा. त्याची भीती कुणालाच नव्हती.

त्या सकाळी पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता. मोबाईलवर इशारा आला होता, पण तसे मेसेज येतच असत. नवरा डेअरीला दूध घालायला गेला आणि ओढ्यापलीकडंच अडकला. मी भाकरी थापत होते. सासूबाई गोठ्यातून म्हणाल्या, "पोरी, पानी आत आलंय."

बघता बघता ते गुडघ्याला लागलं. मी विळ्यानं दावी कापत सुटले. सुटलेल्या गायी आपसूक चढाकडं निघाल्या. एक गाभण गाय मात्र साखळीला होती. दावं ती तोडायची. तिनं मागं रेटून साखळी इतकी ताणली होती, की कडी निघेना. पाणी कमरेपर्यंत आलं. सासूबाईंनी माझा दंड धरला.

"सोड आता तिला. चल."

बौद्ध वस्ती आमच्याहून उंचावर आहे. आमच्याकडं खुरपणीला येणारी तिथली बाई विहाराच्या पायरीवरून हाका मारत होती, "ताई, हिकडून या, तितं खड्डा हाय." तिचा नवरा पाण्यात उतरला आणि सासूबाईंना धरून वर घेऊन आला.

गाईचं हंबरणं विहारापर्यंत ऐकू येत होतं. मग थांबलं. आम्ही दोघींनी एकमेकींकडं बघितलं नाही.

इतक्या वर्षांत सासूबाई त्या पायऱ्या कधी चढल्या नव्हत्या. भिंतीला टेकून कुडकुडत बसल्या होत्या. त्या बाईनं आपलं कोरडं लुगडं आणून दिलं, मग पिठलं-भाकरी. सासूबाई बराच वेळ ताटाकडं नुसत्या बघत राहिल्या.

"खा आई, गरम हाय तवर."

सासूबाई जेवल्या.

पाणी ओसरल्यावर पंचनामा झाला. मेलेल्या गाईच्या कानातल्या बिल्ल्याचा फोटो काढून नेला. विहिरी गाळानं भरल्या होत्या, म्हणून एवढ्या पुरानंतरही प्यायला टँकरच मागवावा लागला.

पूर का आला, हे चिखल सुकल्यावर दिसलं. काठ सपाट करून, माती लोटून सगळ्यांनी ओढा नालीएवढा केला होता. बुजवलेल्या जागेत कांदे लावले होते. आम्हीही. ग्रामसभेत ओढा मोकळा करायचं ठरलं, पण सुरुवात कुणाच्या रानातून, यावर सगळे गप्प बसले. माझा नवरासुद्धा.

मागं बायकांत बसलेल्या सासूबाई उठल्या. "आमच्यापसून करा," म्हणाल्या.

जेसीबी आला त्या दिवशी त्या बांधावर उभ्या होत्या. घरी परतताना वाटेत एवढंच बोलल्या, "लई चांगली माती हुती."