डॉक्टरांचा पहिला पेशंट

गाड्यांना चमक आणणाऱ्या वस्तूंच्या एका दुकानात काउंटरमागे उभ्या असणाऱ्या गृहस्थांना सगळे डॉक्टर म्हणत. शिक्षणाशी त्या नावाचा काडीचाही संबंध नव्हता. गिऱ्हाईक आत शिरून "जरा चांगलं पॉलिश द्या हो" म्हणालं, की हे बाटलीकडे हातसुद्धा नेत नसत. चष्मा कपाळावर सरकवून आधी विचारत, "रंग कुठला? उभी कुठे असते, उन्हात की सावलीत? धुता कशाने? भांड्यांच्या साबणाने ना? खरं सांगा." गिऱ्हाईक ओशाळून मान हलवी. मग डॉक्टर पाठमोरे होत आणि फळीवरून एकेक वस्तू काढून ओळीने मांडत. आधी शाम्पू. मग क्ले, म्हणजे रंगात रुतलेली धूळ ओढून काढणारा मऊ गोळा. मग ओरखडे घासून काढणारं कंपाउंड, त्यावर पॉलिश, त्यावर वॅक्स, आणि दोन कापडं, एक लावायला आणि एक पुसायला. "याच क्रमाने," ते बजावत. "क्रम चुकवलात तर नंतर मला सांगायला येऊ नका."

लोक यायचेच. डॉक्टरांची सगळी विद्या अशा आलेल्या लोकांकडूनच गोळा झालेली होती, कारण त्यांनी स्वतः आजवर एकही गाडी पुसलेली नव्हती. गाडी त्यांच्याकडे नव्हती, चालवता येत नव्हती, दुकानात ते बसने जात आणि बसनेच परत येत. हे त्यांनी कधी कुणापासून लपवलं नाही. कुणी विचारलंच नाही, आणि आपण होऊन सांगण्याइतके ते भोळे नव्हते.

पण या विद्येत एक मोठी गोम होती. ज्यांच्या गाड्या छान झाल्या, ते कशाला परत येतील? परत येत ते बिघडवून बसलेले. त्यामुळे सव्वीस वर्षांत गाडीचा रंग खराब करायच्या शेकडो तऱ्हा डॉक्टरांना तोंडपाठ झाल्या होत्या, आणि तो नीट कसा करायचा, याबद्दल त्यांच्या कानावर अवाक्षर आलेलं नव्हतं.

तर अशा या डॉक्टरांना बायकोने एका शुक्रवारी भाजी निवडता निवडता सांगितलं, "रविवारी सकाळी माझा भाऊ गाडी ठेवून जाणार आहे. मी सांगितलंय त्याला, तुम्ही चकचकीत करून द्याल म्हणून."

डॉक्टरांनी चहाचा कप खाली ठेवला.

मेहुणा म्हणजे साधं प्रकरण नव्हतं. एका मोठ्या कंपनीत तो बऱ्यापैकी वरच्या जागेवर होता आणि आणखी वर जाण्यासाठी तळमळत होता. सोमवारी परदेशातून त्यांचे मोठे साहेब येणार होते आणि त्यांना विमानतळावरून आणायचं काम याने आपण होऊन अंगावर घेतलं होतं, आपल्या स्वतःच्या काळ्या गाडीतून. साहेब गाडी बघून माणूस ओळखतात, असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं. हा मेहुणा लग्नापासून डॉक्टरांशी अतिशय नम्रपणे वागत आला होता. "काय भाऊजी, दुकान काय म्हणतंय?" एवढंच विचारायचा आणि उत्तर यायच्या आत दुसऱ्याशी बोलायला लागायचा. गेली सव्वीस वर्षं त्यांची बायको ते मुकाट्याने बघत आली होती. आता भावाला पहिल्यांदा नवऱ्याची गरज लागली आहे, म्हणून ही मिरवून घेते आहे, असं डॉक्टरांना वाटलं. तिच्या या हौसेवर पाणी कसं ओतायचं? "मला येत नाही" हे तीन शब्द त्यांनी शुक्रवारी रात्री जेवताना गिळले, शनिवारी दोन वेळा गिळले, आणि रविवारी सकाळी गाडी अंगणात येऊन उभी राहिली.

गाडी काळीभोर होती. काळा रंग सगळ्यांत खट्याळ, हे डॉक्टर दिवसातून चार वेळा गिऱ्हाइकांना सांगत. मेहुणा किल्ली देऊन म्हणाला, "पाचला येतो, भाऊजी. अगदी शोरूमसारखी झाली पाहिजे हं." आणि रिक्षाने निघून गेला.

डॉक्टरांनी दुकानातून आणलेल्या बाटल्या पायरीवर क्रमाने मांडल्या. दोन बादल्या भरल्या, एक साबणाची, एक फडकं खळबळायची. इथवर सगळं शास्त्रोक्त झालं. गाडी धुवून झाल्यावर त्यांनी हातात पातळ प्लास्टिकची पिशवी चढवली आणि बोनेटवरून फिरवली. अशी पिशवी घालून हात फिरवला की डोळ्यांना न दिसणारी खरखर बोटांना कळते, हे त्यांनी किती जणांना शिकवलं होतं! आज पहिल्यांदाच ती खरखर त्यांच्या बोटांना लागली आणि ते खुळ्यासारखे खूश झाले. "अगं, खरंच लागते की!" ते मोठ्याने म्हणाले. बायको आत होती, तिला ऐकू गेलं नाही, किंवा गेलं असलं तरी ती बाहेर आली नाही.

मग त्यांनी क्ले हातात घेतला आणि त्यांना एक निवृत्त फौजदार आठवले. फौजदारांच्या हातून क्ले खाली पडला होता, त्यांनी तो तसाच उचलून घासला होता, आणि त्याला चिकटलेल्या वाळूने सगळ्या दारावर नक्षी काढली होती. डॉक्टरांनी गोळा दोन्ही हातांनी घट्ट धरला. दर दोन मिनिटांनी ते तो उलगडून बघत आणि पुन्हा मळत. कंपाउंडची बाटली उघडली तर एक दंतवैद्य आठवले. त्यांनी बोनेटच्या कडेवर इतका जोर लावला होता, की आतलं पांढरं अस्तर दिसायला लागलं होतं. डॉक्टरांनी कडांना चिकटपट्ट्या लावल्या. वॅक्स काढलं तर शाळेच्या मुख्याध्यापिका हजर! त्यांच्या बंपरच्या काळ्या प्लास्टिकवर वॅक्सचे पांढरे ओघळ जन्मभरासाठी बसले होते. डॉक्टरांनी प्लास्टिकवर वर्तमानपत्र चिकटवलं. ज्यांनी ज्यांनी म्हणून गाडीची वाट लावली होती, ते सगळे त्या सकाळी डॉक्टरांच्या अंगणात गर्दी करून उभे होते आणि त्यांचा हात धरत होते.

एवढं सगळं सांभाळून बोनेट झालं तेव्हा अडीच वाजले होते. फक्त बोनेट.

पण काय झालं होतं! डॉक्टर दोन पावलं मागे सरले आणि बघतच राहिले. काळा रंग खोल उतरला होता. त्यात आभाळ होतं, शेजारच्या गच्चीवरचे वाळत घातलेले कपडे होते, आणि मधोमध त्यांचा स्वतःचा चेहरा होता, घामाने डबडबलेला आणि हसरा. आयुष्यभर ज्या गोष्टीची ग्वाही देत आलो ती खरीच निघाली, याचं त्यांना फार बरं वाटलं. डोळे थोडे भरूनसुद्धा आले. मग त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. चार दारं, छत, मागची डिकी, सगळं बाकी होतं. याच चालीने गाडी पुरी व्हायला बुधवार उजाडला असता आणि साहेब तर सोमवारी येणार होते.

मग डॉक्टरांनी आयुष्यात पहिल्यांदा एक नीच कृत्य केलं. दुकानात अगदी खालच्या फळीवर एक स्प्रे असे. मारा आणि पुसा, चमक तयार. ओरखडे जात नाहीत, नुसते बुजतात, आणि दोन वेळा गाडी धुतली की पुन्हा वर येतात. हा स्प्रे मागणाऱ्या गिऱ्हाइकाला डॉक्टर "हे आळशी माणसांचं औषध आहे" असं तोंडावर सांगत. निघताना त्याची एक बाटली त्यांनी पिशवीत टाकली होती. का टाकली, हे त्यांनी स्वतःलाही विचारलं नव्हतं. आता त्यांनी फाटकाकडे एकदा बघून घेतलं आणि फुस्स फुस्स करत उरलेली अख्खी गाडी चाळीस मिनिटांत पुसून मोकळे झाले. मग ती बाटली त्यांनी कुंडीमागे दडवली.

बरोबर पाचला मेहुणा आला. गाडीभोवती एक फेरी मारली, दारांवरून मान तिरपी करून पाहिलं, डिकीच्या चकाकीत बघून भांग सारखा केला. "वा! याला म्हणतात काम," तो म्हणाला. मग बोनेटपाशी येऊन थबकला. "भाऊजी, इथे जरा रेघा राहिल्यात हो."

डॉक्टर वाकले, चष्मा लावला आणि मग सावकाश बोट वर केलं. "त्या विजेच्या तारा आहेत. वर बघा."

मेहुण्याने वर पाहिलं. "हो का," तो म्हणाला, पण त्याला पटल्यासारखं दिसलं नाही. "असू दे, असू दे. पण दारांसारखं झालं नाही हे. दारांना काय लावलंत?"

डॉक्टरांनी पायरीवरच्या पाचही वस्तूंची नावं क्रमाने सांगितली. मेहुण्याने ती फोनमध्ये उतरवून घेतली. गाडीत बसताना तो बहिणीला म्हणाला, "ताई, भाऊजींच्या हातात जादू आहे. आम्हाला इतकी वर्षं कळलंच नाही बघ." आणि पहिल्यांदाच त्याने डॉक्टरांचा हात हातात घेऊन दाबला.

गाडी वळणावरून दिसेनाशी झाली. बायको बादल्या उपड्या करत होती. तिच्या चेहऱ्यावर समाधान होतं आणि तेच डॉक्टरांना सहन होईना. ते पायरीवर बसले.

"एक सांगायचं होतं," ते म्हणाले. "मी आजवर एकही गाडी पुसलेली नाही. आज पहिलीच. ती पण अर्धी लबाडीने."

"माहितीय," ती म्हणाली.

"काय माहितीय?"

"अहो, सव्वीस वर्षं तुमचे कपडे मीच धुते ना? पॉलिशवाल्या माणसाच्या बाहीला एकदा तरी डाग पडेल की नाही? बाटलीची धूळ सोडली तर काही नाही." तिने ओलं कापड पिळून दोरीवर टाकलं. "आणि तो स्प्रेसुद्धा पाहिला मी, खिडकीतून."

डॉक्टरांना राग आला. "माहीत होतं तर भावाला कबूल कशाला केलंस? माझी फजिती बघायला?"

ती कापडं सारखी करत राहिली. "तो दुकानात येणार होता," ती म्हणाली. "गाडी तुमच्या दारात लावून म्हणणार होता, भाऊजी, सगळ्यांना नुसतं सांगता, आज सगळ्यांसमोर करून दाखवा. बोलला मला फोनवर, हसत हसत. मी म्हटलं, त्यांना दुकानात वेळ नसतो, घरी आण. चुकलं असतं तर चार भिंतींच्या आत चुकलं असतं."

डॉक्टर उठले आणि तिच्या हातातली बादली घेतली.

"बोनेट मात्र मी नीट केलं होतं," ते म्हणाले.

"ते पण पाहिलं," ती म्हणाली. "तारा दिसत होत्या त्यात."