फुलाफुलाचा शर्ट आणि मंगेशचं लग्न

किस्से कोणी ठरवून जमवत नाही. अमरावतीच्या शाळेत वर्षानुवर्षं एकाच टेबलावर डबे उघडा, एकमेकांच्या डब्यातलं लोणचं उचला, की ते आपोआप साचतात. आमच्या स्टाफरूममध्ये तर निम्मे किस्से एकट्या मंगेशच्या शर्टाचे!

मंगेश आमचा विज्ञानाचा सर. शिकवणं एक नंबर, स्वभाव देवमाणूस, नोकरी पर्मनंट. फक्त शर्ट फुलाफुलाचे. बारीक फुलं नव्हेत हो, तळहाताएवढी! जांभळी, पिवळी, वर पोपटी पानं. आणि पस्तिशी आली तरी लग्न जमत नव्हतं. त्याची आई, विमलमावशी, भेटल्या की माझा हात धरायच्या, "ताई, तुमी तरी सांगा त्याले. माह्या डोळ्यादेखत होऊ द्या एकदाचं."

तो शर्ट पाहिला की माझं डोकं उठतं. आजही उठतं. पण आता जीव भांड्यात पडलाय, म्हणून हसत सांगते.

*

मंगेश नवीन लागला तेव्हाची गोष्ट. नेमकं त्याच्या पहिल्याच दिवशी शाळेचं गॅदरिंग होतं आणि बँड बोलावला होता. गेटवर आमचे शिपाई दामूकाका. त्यांनी याला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि हात आडवा केला.

"बँडवाले तिकून, मांगच्या गेटनं!"

दुसरा कोणी असता तर भडकला असता. हा गुपचूप शाळेला वळसा घालून मागच्या गेटनं आला.

मी म्हटलं, "अरे, सांगायचं ना, सर आहे म्हणून!"

"जाऊ द्या ना ताई. कशाले सकाळी सकाळी वाद? तसंही त्यायनं मले चहा देल्ला तिकडं."

*

सातवीला 'फुलाचे भाग' हा पाठ होता. तक्ता सापडत नव्हता. आमच्या शाळेत तक्ता ऐन वेळी कधीच सापडत नाही. त्याच तासाला मोठ्या मॅडम राउंडला निघाल्या. वर्गात पाहतात तर मंगेश सर भिंतीकडे तोंड करून उभे, आणि एक पोरगी छडी घेऊन त्यांच्या पाठीला टोचून राहिली!

मॅडम कडाडल्या, "हा काय प्रकार आहे? कोणी कोणाला शिक्षा केली?"

मंगेश हललासुद्धा नाही. भिंतीकडे पाहतच म्हणाला, "मॅडम, पुंकेसर मागं आहे."

*

या शर्टावरून स्टाफरूममध्ये सरळ दोन पार्ट्या पडल्या. देशमुख सर मराठीचे, माझ्या पार्टीतले. ते म्हणायचे, "माणसानं कपडे घालावे, बगिचा घालू नये!" पीटीचे इंगळे सर तिकडच्या पार्टीतले. "काय गा देशमुख, माणूस कसा फ्रेश दिसते! तुमी सारे पांढरे घालून घालून दवाखान्यातले वाटता."

इंगळे नुसते बोलून थांबले नाहीत. त्यांनी डिट्टो तसाच शर्ट घेतला. आणि एका सोमवारी दोघंही तोच घालून आले! प्रार्थनेला शेजारी शेजारी उभे. पोरं 'जन गण मन' कसंबसं म्हणून राहिली.

प्रार्थना संपल्यावर देशमुख सर खरोखर गंभीर चेहऱ्यानं मॅडमच्या केबिनमध्ये गेले. "मॅडम, स्टाफला युनिफॉर्म लागू झाला तर मला कोणी कळवलं कसं नाही?"

*

चिखलदऱ्याची सहल. वाटेत परतवाड्याच्या स्टँडवर गाडी थांबली. पोरं मोजली तर पाचवीतली पिंकी नाही! बसेस, जीपवाल्यांच्या आरोळ्या, ही गर्दी. तिच्या आईला काय तोंड दाखवू, एवढंच डोक्यात. ओरडून ओरडून घसा बसला.

आणि पाहते तर पिंकी मंगेशच्या शर्टाचं टोक मुठीत धरून येऊन राहिली. मी तिला कवटाळलं. रडले, खोटं कशाला सांगू!

"कशी सापडली गं बाई सरांना?"

"सरायले मी नाई सापडली मॅडम. मलेच दुरून झाड दिसलं!"

त्या दिवशी मी मंगेशला म्हटलं, सहलीला चालेल बाबा तुझा शर्ट. बाकी ठिकाणी नाही.

*

पण ऐकेल तो मंगेश कसला? शेंदूरजनाघाटला मुलगी पाहायला तोच घालून गेला. मुलीकडचे संत्र्याचे बागवाले, घर मोठं, बैठकीत नवे पडदे. आता नशीब पाहा. पडद्याचं कापड हुबेहूब शर्टाचं! आणि याला बसवलं नेमकं खिडकीजवळ. सोबत गेलेल्या इंगळे सरांनी काढलेला फोटो आम्ही पाहिला. सारा पडदा, आणि मधात मंगेशचं नुसतं मुंडकं!

आम्ही पोट धरून हसलो. चार दिवसांनी मुलीच्या मावशीचा फोन आला.

"पोरगा चांगला असन वं माय. पन आमाले दिसला कुठं?"

हे सांगायला शाळेत आलेल्या विमलमावशी स्टाफरूममध्येच रडायला लागल्या. मग कोणी हसलं नाही. मला इतकं वाईट वाटलं, की मी तिथल्या तिथं ठरवलं, पुढच्या वेळी मी स्वतः सोबत जाणार. शर्टही मीच आणणार. पांढरा!

*

पुढची वेळ अकोल्याची. मुलगी रूपाली, पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरीला. वडील फुलांची शेती करणारे. मंगेश, विमलमावशी, मी, आणि गाडी चालवायला इंगळे. मंगेश पांढऱ्या शर्टात असा सुरेख दिसत होता की मी त्याची दृष्ट काढायचीच बाकी ठेवली.

मूर्तिजापूरला आलूबोंडा खायला थांबलो. म्हटलं, जपून रे. म्हणेपर्यंत बोंड्यावरची रश्श्याची तर्री छातीवर! लाल ओघळ पार पोटापर्यंत. हा आत गेला आणि बाहेर आला तो जांभळ्या-पिवळ्या फुलांत.

"बॅगेत होता ताई. इमर्जन्सी म्हणून."

"मोडलं तुझं लग्न! इथंच मोडलं, मूर्तिजापूरले!" मी रागानं पाणीसुद्धा प्याले नाही.

रूपालीच्या घरी बसलो. तिच्या वडिलांची नजर शर्टावरून हटेना. मी मनात म्हटलं, झालं, संपलं. तेवढ्यात ते उठून मंगेशजवळ आले, वाकले आणि आत हाक मारली, "अरे रमेश, इकडं ये. हे शेवंती होय का गलांडा?"

रमेश, म्हणजे रूपालीचे काका, आले. "दादा, फूल शेवंतीचं हाय, पन पानं गुलाबाचे काहून लावले यायनं?"

"गलांडाच होय तो!"

"काही सांगतं का दादा!"

आलूपोहे आले. मंगेश मान खाली घालून भराभरा खाऊन राहिला, आणि दोघं भाऊ त्याच्या दोन बाजूंनी भांडून राहिले. पगार नाही, शिक्षण नाही, पोराला कोणी काही विचारेचना! विमलमावशींनी माझा हात असा दाबला की बांगडी रुतली.

रूपाली पाण्याचा ट्रे घेऊन आली. वडील म्हणाले, "तूच सांग वं बाई. कोन्तं फूल होय हे?"

तिनं ट्रे ठेवला. मंगेशच्या छातीवरच्या मोठ्या फुलाकडे निरखून पाहिलं. घाईघाईत खाताना पोह्यातली मोहरी सांडून त्या फुलावर किडीसारखी काळी काळी चिकटली होती.

"फूल कोन्तंबी असो बाबा," ती म्हणाली, "याच्यावर मावा पडला!"

मंगेशनं तोंडातला घास कसाबसा गिळला आणि विचारलं, "मग... फवारणी करा लागन?"

तिनं ट्रे उचलला.

"ते लगन झाल्यावर पाहू."