तात्यांची पावलं

गावाचं पाणी कंपनीकडं गेल्यापासून आमच्या पाणीपुरवठ्याच्या खोलीत किस्स्यांना तोटा नाही. मी तिथला कारकून. नळाला पाणी एक दिवसाआड येतं, किस्से मात्र रोज! कोल्हारला आठवडी बाजारात भेटणारे मित्र आधी "काय नवीन?" विचारतात, मग भाजी घेतात.

करार साधा होता. पाणी सोडणं, दुरुस्ती, वसुली, सगळं कंपनीनं बघायचं. जुनी माणसं सहा महिने ठेवायची, मग घरी. जुनी माणसं म्हणजे आमचे व्हॉल्व्हमन भीमा तात्या, एकटेच! तीस वर्षं त्यांनी गावाला पाणी सोडलेलं. मला म्हणाले, "घरी बसलो तर बायकू दोन दिसांत मला परत आणून दील!" हसले, पण डोळे काही हसले नाहीत.

* * *

कंपनीनं मोबाईलवर मेसेज सुरू केले. 'सकाळी सात वाजता पाणी येईल.' बायकांचा विश्वास मात्र तात्यांच्या सायकलवर. कॅरिअरला व्हॉल्व्हची लांबलचक लोखंडी चावी दिसली, की हंडे बाहेर!

एकदा भरदुपारी सगळ्या गल्लीनं हंडे मांडले. तात्या गोंधळले. "आवो, मी दळण आणाया चाललोय!"

"मंग चावी कशाला मिरवताय?" शेजारच्या सुमनकाकू कडाडल्या.

तेव्हापासून तात्या दळणाला पायी जायला लागले.

* * *

नवे मीटर बसले. पाण्याच्या आधी पाइपातली हवा येते आणि त्या हवेनंच मीटर गरागरा फिरतो. रिटायर झालेले सोपान मास्तर बिल भरून आले. दुसऱ्या दिवशी नळाला नळी लावून सायकलच्या ट्यूबमध्ये हवा भरत बसले!

कंपनीच्या इंजिनिअर देवयानी मॅडम, नगरच्या, धावत आल्या. "मास्तर, हे काय?"

"बिल भरलंय. माल वापरतोय!"

मॅडम पोट धरून हसल्या. पण आठवड्यात हवा सोडणारे व्हॉल्व्ह बसवले आणि बिलही कमी करून दिलं. बाई मला तेव्हाच आवडली.

* * *

खोटं कशाला बोलू, फायदाही झाला. पूर्वी मोटर जळली की आठ दिवस बोंब. आता दुसऱ्या दिवशी मोटर चालू! सगळे खूश, एक विरोधी पक्षाचे अण्णा सोडून.

"उपोषणाला बसायला विषयच ठिवला न्हाई ह्यांनी!"

* * *

सहा महिने भरले. तात्या चावी माझ्या टेबलावर ठेवून गेले. मला लई वाईट वाटलं. जाताना त्यांनी मॅडमच्या हातात एक कागद दिला. गावातले सगळे गाडलेले व्हॉल्व्ह त्यात होते: 'मारुतीच्या पारापासून पूर्वेला बावीस पावलं', असं.

आठवड्यातच मुख्य व्हॉल्व्ह शोधायची वेळ आली. उंच्यापुऱ्या मॅडमनी बावीस पावलं टाकली. खणलं. काही नाही! पुन्हा मोजलं, पुन्हा खणलं. तिसऱ्या खड्ड्यात सरपंचांचा ओटा गेला.

शेवटी मॅडम स्वतः तात्यांना घेऊन आल्या. पाच फुटी तात्या पारापासून तुरुतुरु चालले आणि थांबले. "हितं." पहिल्याच घावाला कुदळ लोखंडावर वाजली!

"पावलं माझी हायेत, मॅडम. तुमी तुमची कशाला मोजली?"

* * *

मॅडमना तात्या हवेच होते. पण करारात नवा माणूस घ्यायची सोय नव्हती, यंत्र भाड्यानं घ्यायची होती. मॅडमनी अर्ज भरला: 'व्हॉल्व्ह शोधण्याचे यंत्र, एक नग, जुने.' मंजूर! भाडं तात्यांच्या जुन्या पगारापेक्षा जास्त. वर देखभालीसाठी वर्षाला दोन जोड चपला!

परवा कंपनीचे साहेब पुण्याहून यंत्रं तपासायला आले. पंप बघितला, मीटर बघितले. मग यादीवर बोट ठेवलं. "हे यंत्र कुठंय?"

मॅडमचा चेहरा उतरला. कोपऱ्यात चहा पीत बसलेल्या तात्यांनी कप ठेवला आणि उभे राहिले.

साहेबांनी त्यांना खालपासून वरपर्यंत बघितलं. बराच वेळ बघितलं. मग खुर्ची ओढून बसले, पेन उघडला आणि फॉर्म भरायला घेतला.

"किती जुनं?"

"बासष्ट."

"वापर?"

"रोजचा."

"वॉरंटी?"

तात्यांनी टोपी सारखी केली.

"बायकूला इचारून सांगतो."