पाद्रीसाहेबांचा आपटा

ही गोष्ट मी घरात कधी काढली नाही. बहारीनचा विषय निघाला की मुहर्रकच्या गल्ल्या आणि तिथला उकाडा सांगतो आणि थांबतो. मुलाला वाटतं, बाबांना आता आठवत नाही. आठवतं सगळं, पण सांगायची लाज वाटते.

सत्तरचं दशक संपत आलं तेव्हा मी तिथल्या एका शाळेची गाडी चालवत होतो. शाळेत एक म्हातारे अमेरिकन पाद्री शिकवायला होते. तरुणपणी ते नगरकडच्या खेड्यात मास्तर होते, त्यामुळे मराठी बोलत, तीही घाटावरची. प्रार्थना चालवायचे, पोरांना विज्ञान शिकवायचे आणि सुट्टीच्या दिवशी मला घेऊन वाळवंटात झाडं शोधायला निघायचे. खाऱ्या जमिनीत बोटभर झुडूप दिसलं तरी गाडी थांबवायला लावत. गुडघे टेकून ते बघत, मग जुन्या वर्तमानपत्रात दाबून ठेवत. दमट हवेत बुरशी धरू नये म्हणून रोज कागद बदलत.

शाळेमागच्या अंगणात त्यांनी आपटा वाढवला होता, त्या खेड्यातल्या शाळेपुढच्या झाडाच्या बियांपासून. विहिरीचं पाणी खारट, म्हणून स्वतःच्या पिण्याच्या पाण्यातलं घालायचे. झाड माझ्या खांद्याला लागलं होतं.

"दादा, उन्हाळ्याच्या तोंडाला फुलेल बघा," ते म्हणायचे. "फूल बघितलं की मी घरी जायला मोकळा."

दसऱ्याच्या आदल्या दिवशी आमच्या खोलीवर तिथल्या मराठी मंडळाची माणसं जमली होती.

"इथं कुठलं सोनं? कागद कापा नि वाटा," एक जण म्हणाला.

"मी आणतो, खऱ्या आपट्याचं," मी बोलून गेलो.

"बघा, ड्रायव्हरसाहेब सोनं लुटणार! सगळ्यांना पुरेल एवढं आण हां, नायतर तुझी ऐट खलास."

साहेबांकडे मागितली असती तर त्यांनी चार पानं आनंदानं दिली असती. पण चार पानांत माझं भागणार नव्हतं. सकाळी ते प्रार्थनेला बसल्यावर मी अंगणात शिरलो. गावाकडे आम्ही आपट्याच्या फांद्याच तोडून आणतो, एकेक पान कोण खुडत बसतं? तशाच तोडल्या, शेंड्यासकट. पिशवी भरली तेव्हा झाडाची काठी झाली होती. घाईत फाटक उघडंच राहिलं.

मंडळात माझी वाहवा झाली. एरवी मला नुसत्या हाताच्या खुणेनं बोलावणारे इंजिनियर, बँकवाले वाकून माझ्या हातचं सोनं घेत होते.

दुपारी शाळेत आलो तर साहेब झाडापाशी उभे. रखवालदाराची बकरी उरलेली साल ओरबाडत होती. म्हातारा बलुची रखवालदार हात जोडून सांगत होता, "साहब, बकरी बंधी थी. कसम से."

खाली पडलेलं एक पान साहेबांनी उचललं, फुंकून माती उडवली आणि माझ्यापुढे धरलं.

"सोनं घ्या, दादा. बकरीनं एवढंच ठेवलंय."

मी घेतलं. रिवाजाप्रमाणे वाकून नमस्कारसुद्धा केला.

ते दोघं म्हातारे रोज सकाळी फाटकाशी बसून चहा घेत. तो त्या दिवसापासून बंद झाला. रखवालदारानं बकरी विकली, तरी साहेब त्याच्याकडे न बघता पुढे जायचे. झाड फुललं नाही. थंडीतच वाळलं.

उन्हाळ्यात मीच त्यांना विमानतळावर सोडलं. सामान उतरवताना ते म्हणाले, "दादा, मी त्या म्हाताऱ्याशी वाईट वागलो. एका झाडापायी. त्याला सांगा, मी त्याला माफ केलंय."

तोंडाशी आलं होतं. मागच्या गाडीवाल्यानं हॉर्न वाजवून घाई केली, "यल्ला, यल्ला!"

"सांगतो, साहेब," एवढंच मी म्हणालो.

रखवालदाराला निरोप दिला तेव्हा तो माझ्याकडे बघतच राहिला. "माफ किया? किस बात का?"

साहेब, बकरी नव्हती, मी होतो. मला माफ करा. हे मी तुम्हाला म्हणालो नाही, आणि त्यालाही नाही.